पंचनाम्यात निसर्गाचे नाव

माननीय नगररचनाकार साहेब,


पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी वळवाच्या पहिल्याच सरीत आमच्या गल्लीच्या टोकाचा कडुनिंब आडवा झाला. पंचनाम्यात नोंद झाली, ‘नैसर्गिकरीत्या कोसळले’. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलेत, वर पेव्हर ब्लॉक बसवलेत, गटाराच्या चरात मुळे काकडीसारखी कापलीत आणि एवढ्या मेहनतीचे सगळे श्रेय निसर्गाला देऊन मोकळे झालात. केवढा हा विनय!

हिशेबही चोख. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. हे पडलेले, याचे वय कुणी विचारलेच नाही. बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बजावले होते. पण ते दिल्लीच्या झाडांबद्दल. आपली झाडे काटक, त्यांना माती कशाला?

माझ्या वडिलांची बायपास झाली आहे. रोज अर्धा तास चाला, असे डॉक्टरांनी सांगितलेले. ते कडुनिंबाच्या पारापर्यंत जायचे, दम खायचे, परत यायचे. आता फाटकापर्यंत जातात, रस्त्यावरचे ऊन बघतात आणि लिफ्टचे बटण दाबतात. त्यांच्या खिडकीतून तो कडुनिंब दिसायचा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, हे रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत दाखवले. आमच्या रुग्णाला आता तुमचे पेव्हर ब्लॉक दिसतात.

उपरोध पुरे, साहेब. नकाशावर गटाराला रेघ होती, विजेच्या खांबाला ठिपका होता. पन्नास माणसांना सावली देणाऱ्या झाडाला काहीच नव्हते. आधी झाड नकाशावरून गेले, मग जमिनीवरून.

नंतर भरदुपारी तुम्ही पाहणीला आलात. गाडीला सावली शोधत गल्लीत दोन चकरा मारल्यात. रुमालाने मान पुसत हळूच म्हणालात, “मलाही शुगर आहे हो. डॉक्टर चाला म्हणतात. चालू कुठे?” भांडायला आलेला मी घरातून तुमच्यासाठी पाणी घेऊन आलो.

गल्लीत अजून ४ झाडे उभी आहेत, चारही काँक्रीटमध्ये गळ्यापर्यंत. पावसाळ्याआधी त्यांचे बुंधे मोकळे करून द्या. माणसे नसतील, तर नुसती लेखी परवानगी द्या. पहार आमच्याकडे आहे.

कळावे,
आपला,
एक करदाता