सतरा अंकी संख्या घरी पाळताना

आमच्या सोसायटीत कुत्र्याला मनाई आहे आणि मांजरावरून सभासदांत दोन तट आहेत. संख्येविषयी मात्र नियमावलीत अवाक्षर नाही. नवशिक्यांनी १२३४५६७८९८७६५४३२१ ही आणावी. स्वभावाने गरीब, उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, ती तीच.

१. हाक. पूर्ण नावानेच मारावी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थाननामे वापरून: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. दूध गॅसवर असताना हाक मारू नये. ‘परार्ध’ एका घराने हुकला, हा विषय तिच्यासमोर काढू नये.

२. कूळ. १११११११११ ला त्याच संख्येने गुणावे. एकाखाली एक नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा एकापासून नऊपर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा घ्यावा लागत नाही. गुणाकाराच्या दोन्ही संख्यांत मायेपोटी दहावा एक मात्र घालू नये. मधल्या घरात दहा होतात, हातचा शिरतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा विचका होतो.

३. गोतावळा. हिला ४५ भाजक आहेत. ४४ जण जोडीजोडीने नांदतात. उरलेला १११११११११ स्वतःचाच जोडीदार. वर्गसंख्येच्या घरात असा एक निघतोच. त्याच्या लग्नाची काळजी करू नये.

४. प्रकृती. महिन्यातून एकदा अंकांची बेरीज करावी. ८१ आली पाहिजे. मग ८१ ने भागावे. बाकी उरत नाही. भागाकाराचे वर्गमूळ १२३४५६७९ येते. त्यात आठ नाही. पलंगाखाली शोधू नये, तिथेही नसतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी.

५. फेरफटका. डोंबिवलीला न्यावे, तिचे ते माहेर. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांना या जातीच्या संख्यांची कल्पना तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्थानकावर सुचली. स्थानकाला तेव्हा डेम्लो म्हणत, म्हणून त्यांनी नाव ठेवले ‘डेम्लो’. आजच्या गर्दीत तिथे डोक्यात जे मावेल तेवढेच सामान न्यावे. ही मावते.

६. पाहुणे. ‘हिचा उपयोग काय?’ असे विचारतीलच. वाद घालू नये. कागद-पेन्सिल पुढे सरकवून नऊ एकांचा गुणाकार करायला सांगावा. बेरजा नऊपर्यंत चढून उतरू लागल्या की पाहुणे मान वर करत नाहीत. चहा पुन्हा गरम करावा लागतो. पाळण्याचा खर्च काय तो तेवढाच.