बाटलीकाका

साकीनाक्याच्या दर दुसऱ्या इमारतीत असा एक काका सापडतो. खैरानी रोडच्या एखाद्या कारखान्यात उभी नोकरी स्टोअर सांभाळण्यात गेलेली. सहीशिवाय तिथून वॉशर बाहेर गेला नाही. आता घरातून रिकामी बाटली बाहेर जात नाही. आमच्या इमारतीत त्यांना ‘बाटलीकाका’ म्हणतात. तोंडावर अर्थात नुसतं काका.

हे खूळ त्यांनी स्वतःहून लावून घेतलं नाही, सरकारने लावलं. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पाण्याच्या बाटलीवर ती परत घेण्याची किंमत छापावी, असं तीत होतं. लिटरच्या बाटलीला 1 रुपया, अर्ध्या लिटरच्या बाटलीला 2. लहान बाटलीला जास्त पैसे, हे वाचून काका दोन दिवस हरखलेले होते. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन नाक्यावरच्या दुकानात गेले.

“चाचा, ठंडा चाहिए या सादा?”

“घ्यायला नाही, द्यायला आलोय. हे वाच. बायबॅक.”

दुकानदाराने बाटली उलटसुलट करून पाहिली आणि मागच्या गिऱ्हाइकाला बिस्किटाचा पुडा दिला. काका अजून महिन्यातून एकदा तिथे जातात. अधिसूचनेची झेरॉक्स आता घडीवर फाटली आहे, तिला सेलोटेप लावलीय.

त्यांचं म्हणणं चूक नाही, हीच तर पंचाईत आहे. त्यांच्या लहानपणी आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं. पहाटे केंद्रावर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. कोल्ड्रिंकच्या बाटलीची अनामत दुकानदार वहीत मांडून ठेवायचा. बाटली परत केली की पैसे परत, एवढ्या साध्या हिशेबावर वाढलेल्या माणसाला वापरा आणि फेका कसं पटावं? म्हणूनच 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत मिळतील असं विधानसभेत सांगितलं, तेव्हा काकांनी त्याच संध्याकाळी दोरी बांधली. काकूंच्या साड्यांच्या शेजारी धुतलेल्या पिशव्या चिमट्यांत वाळू लागल्या. काकू काही बोलल्या नाहीत. चिमटे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मोजून दिले.

हळदीला, बारशाला काकांना बोलवायचं म्हणजे धाडस. पाणी पिणाऱ्याच्या पाठीशी ते असे उभे राहतात की समोरचा ठसका लागेपर्यंत घाई करतो. “सावकाश, सावकाश,” काका म्हणतात आणि हात पुढे करतात.

खरी मजा गटारीच्या दुसऱ्या दिवशी. काका माळकरी, दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. पण बिअरची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून भंगारवाला ती किलोवर नाही, नगावर घेतो, ही अक्कल त्यांना आहे. सकाळी सातला गळ्यात तुळशीची माळ, हातात खणखणणारी पिशवी अशी स्वारी जिने चढते. गळ्याशी टवका उडालेली बाटली ते बोटानेच ओळखतात आणि बाजूला ठेवतात. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एकदा खणखणीत आवाजात विचारलं, “रात्रीच्या सहा होत्या, इथे पाचच आहेत. सहावी कुठंय?” दार सासऱ्यांनी उघडलं होतं. त्या घरचा जावई अजून काकांशी बोलत नाही.

मध्ये कुणीतरी सांगितलं की चर्चगेट स्टेशनवर रेल्वेने बाटल्या चुरडणारं यंत्र बसवलंय, बाटली टाकली की कूपन मिळतं. काका मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने चर्चगेट. मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर नुसत्या बाटल्याच बाटल्या. शिपायाने विचारलं, “इसमें क्या है?” “कुछ नहीं. खाली है,” काका म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं. संध्याकाळी कसल्याशा खरेदीवर सूट देणारी कूपनं घेऊन परतले. काकूंनी फक्त जाण्यायेण्याचं भाडं विचारलं.

शेवटी सगळा माल भंगारवाल्याकडेच जातो. काका हिशेब मांडतात : किलोला पन्नासएक बाटल्या, म्हणजे कायद्याने निदान पन्नास रुपये. भंगारवाला त्याच्या निम्मेही देत नाही, वर झाकणं वेगळी काढायला लावतो. तिथेच कचरा वेचणारी मावशी गोणी टाकते, काटा डोळ्यांनी तपासते, पैसे घेते आणि निघते. काकांची घासाघीस संपेपर्यंत तिची दुसरी खेप आलेली असते. भाव तिला जास्त मिळतो, कारण तिचा माल रोजचा आणि निवडलेला. काकांना हे ठाऊक आहे, पण तो विषय त्यांना आवडत नाही.

तुमच्याकडे रिकाम्या बाटल्या साठल्या असतील तर काकांना जरूर द्या. फक्त लेबलवर लिहिलंय म्हणून चुरडू नका. चुरडलेल्या बाटलीचे पैसे परत मिळत नाहीत, असं त्यांचं ठाम मत आहे. न चुरडलेलीचेही त्यांना अजून मिळालेले नाहीत.