हुद्दे फार, हात कमी

लग्नघरातलं मानपान ज्याने निभावलंय, त्यालाच डेबियनचा कारभार उमगेल. १९९३ साली सुरू झालेल्या या लिनक्स वितरणात प्रत्येक पॅकेजला एक ‘मेंटेनर’ असतो. त्याच्या जोडीला ‘अपलोडर्स’. पण या यादीत नाव लागलं म्हणून अपलोड करता येतंच असं नाही! अधिकार नसेल तर ‘स्पॉन्सर’ गाठायचा. हा छदामही देत नाही. पॅकेज तपासून आपल्या सहीने चढवतो. मेंटेनर गप्प बसला आणि भलत्यानेच दुरुस्ती केली, तर ते ‘नॉन-मेंटेनर अपलोड’. त्याच्या आवृत्तीला ‘.१’चं शेपूट लावून परकेपणा जाहीर करायचा. शिवाय ते काही दिवस रांगेत ठेवायचं, म्हणजे मालकाला रुसायला सवड मिळते. मालक पुरता कंटाळला की पॅकेज रीतसर अनाथ!

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. डेबियनला जुनी आवृत्ती परत आणायची होती, पण आकडा मागे नेण्याची सोय नाही. मग नव्या पॅकेजवर क्रमांक झळकला : ‘५.६.१+रियली५.४.५-१’. म्हणजे दिसायला ५.६.१, आत देवाशपथ ५.४.५.

आणि मूळ ‘एक्सझेड’? जगभरच्या सर्व्हरांवर चालणारा तो प्रकल्प वर्षानुवर्षं मुख्यतः एकच स्वयंसेवक बिनपगारी ओढत होता. त्या थकव्याचाच फायदा घेऊन चोर सहमेंटेनर म्हणून आत शिरला. तेव्हा कंपन्यांनो, हुद्द्यांची उतरंड पुरे झाली. आता चार पगारी हात द्या.