सोळा पॉइंट नऊ

"अगं, आमचा नातू म्हणे अंडरवेट!" काकूंनी मेथीची जुडी भिंतीवर टेकवली. म्हणजे आता अर्धा तास नक्की. "सुनेनं मोबाइलवर ते बीएमआय काढलं. १६.९ आलं. साडेअठराच्या आत म्हणजे कमीच ना? चार दिवस झाले, रोज दोन डिंकाचे लाडू काढून ठेवतेय त्याला."

"वजन-उंची किती भरली?"

"३७ किलो. उंची १४८."

मी गेल्याच आठवड्यात हा उद्योग केला होता. चिरंजीवांचं वजन ४५, उंची १४६. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि त्यानं वजनाला भागायचं. २१.१ आलं. मोबाइल म्हणाला, नॉर्मल! मी खुशीत पोळीवर जास्तीचं तूप सोडलं.

"आणि मग डॉक्टरांनी माझी खुशी उतरवली, काकू. साडेअठरा ते पंचवीस ही मोठ्या माणसांची मापं. वाढत्या मुलाचं वयाच्या तक्त्यात बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १२ वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १७.५. खाली १४.५ पर्यंत चालतं, वर १९.९ ओलांडलं की वजन जास्त. तुमचा अगदी ठीक आहे. गडबड आमच्याकडे आहे."

"काहीतरीच! हाडापेरानं चांगला मजबूत आहे तो."

"आकड्याला हाड कुठलं आणि चरबी कुठली ते कळत नाही हो. पुण्याचे डॉक्टर याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन, दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!"

"म्हणजे आपण वरून काटकुळे न् आतून तुपकट?"

असं डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या तक्त्यात जास्त वजनाची रेघ मोठ्यांच्या २५ ला नाही, २३ ला जुळवलीय, ती त्यामुळेच.

"मग आता उपाशी ठेवणार पोराला?"

"छे! तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे ताडमाड वाढतात, एखाद्या वर्षी नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा. हेच ४५ किलो राहिले आणि उंची १५५ झाली, की आकडा १८.७ वर येतो. दर सहा महिन्यांनी तक्त्यावर ठिपका मांडायचा आणि रेघ कुठे चाललीय ते बघायचं. फक्त बेकरी आणि वरचं तूप बंद केलंय. तरी मेला जेवताना भूक नाही म्हणतो, कळत नाही."

काकूंचा मेथी निवडणारा हात थांबला.

"आमच्याला डिंक मुळीच आवडत नाही गं. तरी लाडू संपतात रोज."

भिंतीच्या कडेला, दोघं पोरं संध्याकाळी जिथे लोंबकळत असतात तिथे, खोबऱ्याचा चुरा सांडला होता. मुंग्यांची रांग आमच्या बाजूला उतरत होती.