साडेसात अंशांची साडेसाती

पत्रिकेवर माझा विश्वास नाही. साडेसाती मात्र मी भोगलेली आहे. ती शनीने आणली नव्हती, दिवाणखान्यातल्या घड्याळाने आणली होती.

लेक शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार होती. एका संध्याकाळी ती बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक घेऊन आली.

"बाबा, सव्वातीन वाजता दोन काट्यांत किती अंशांचा कोन असतो?"

"शून्य," पेपरातून डोकं वर न काढता मी म्हणालो. "दोन्ही काटे तीनवर. पुढचा विचार."

तिने मागचं पान उघडलं. "साडेसात."

"छपाईची चूक असेल."

चूक छापखान्याची नव्हती, माझ्या शाळेतल्या पुठ्ठ्याच्या घड्याळाची होती. त्याचे दोन काटे मधोमध एका टिचबटणाने अडकवलेले असत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसे. बाई म्हणाल्या 'साडेतीन कर', की लहान काटा तीनवर, मोठा सहावर आणि आपण जागेवर. खऱ्या घड्याळात साडेतीनला लहान काटा तीनला सोडून चारच्या निम्म्या वाटेवर पोचलेला असतो, हे मी रोज बघत होतो. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश जातो, तासकाटा अर्धा. पंधरा मिनिटांचे झाले साडेसात. लेकीने हे मला ज्या सुरात समजावलं, त्या सुरात मी तिला दात घासायला सांगत असतो.

"बरं, आता सांग. दिवसात हे काटे एकमेकांवर किती वेळा येतात?"

तासाला एकदा, म्हणजे चोवीस. हे तर पुठ्ठ्याच्या घड्याळालाही मान्य झालं असतं.

"बावीस," लेक म्हणाली आणि झोपायला गेली.

मला काही झोप येईना. दोन भेटी गेल्या कुठे? समोर आजोबांचं अष्टकोनी घड्याळ टिकटिकत होतं. आठवड्याला किल्ली द्यायचं, तबकडीला दोन भोकं असलेलं: एका किल्लीवर काटे चालतात, दुसरीवर टोले पडतात. आजोबांनी ते गिरगावात घेतलं, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ होती. देशाने १९०६ साली एकच प्रमाणवेळ धरली, तरी 'बाँबे टाइम' १९५५ पर्यंत तिच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिला. इतका घोळ ज्या घड्याळाने पचवला, त्याला माझं एक बोट काय करणार होतं?

रात्री अकराला मी स्टुलावर चढलो, झडप उघडली आणि बारावरून मिनिटकाटा पुढे फिरवायला लागलो. पहिली भेट एक वाजून पाच मिनिटांच्या जरा पुढे. मग दोन वाजून जवळजवळ अकरा, मग तीन सोळा. दर वेळी मोठा काटा लहानाच्या जागी पोचायचा आणि लहान तिथून सटकलेला असायचा. मोठा पाठलाग करून त्याला गाठायचा, तोवर पासष्ट मिनिटं आणि वर थोडी सेकंदं गेलेली असायची. दहा चोपन्नला दहावी भेट झाली. मग अकरा ते बारा मोठा काटा धावतोय, धावतोय, आणि लहान काही सापडत नाही. सापडला तो थेट बाराच्या ठोक्याला. म्हणजे बारा तासांत अकराच! लेकीचं पुस्तक बरोबर होतं.

पण या ज्ञानाला आवाज होता. घड्याळाला बारा तास फिरवलं की ते बारा तासांचे टोलेही देतं: एकपासून बारापर्यंत ७८ आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे १२, एकूण नव्वद. चाळिसाव्या टोल्याला वरच्या मजल्यावर दिवा लागला. पन्नासाव्याला बायको उठून आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. हे वाईट लक्षण. म्हणून पुढे मी घाई केली. एकेक टोला पुरता पडू न देता काटा दामटला आणि शेवटी घड्याळ वेळेवर आणायला तो चक्क मागे फिरवला.

तेवढ्यात आई दारात. "अरे, उलटी प्रदक्षिणा घालू नये, तसं घड्याळही उलटं फिरवू नये!"

"शंकराला नाही का आपण अर्ध्यातून मागे फिरत?"

"ते शंकराचं देऊळ आहे. हे तुझ्या आजोबांचं घड्याळ आहे."

सकाळी दोन्ही काटे चार वाजल्याचं दाखवत होते आणि घड्याळाने सात टोले दिले. पाचाला आठ. काट्यांचा कारभार एका किल्लीवर, टोल्यांचा दुसरीवर. मधला हिशेब मी रात्री तोडून ठेवला होता. घर मात्र आठवड्यात सरावलं. "दहा पडले, सात वाजले. कुकर लाव," असं आई सहज म्हणायला लागली. लेकीला वजाबाकीचा सराव आयता मिळाला. फक्त मुक्कामाला आलेल्या मामांना कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे पाचला त्यांनी आठ टोले मोजले, साडेसहाची एसटी गेली म्हणून कपाळावर हात मारला, आणि मग मनगटी घड्याळ बघून पिशवीवर दीड तास बसून राहिले. निघताना त्यांनी मला नमस्कारही केला नाही.

शेवटी पेठेतल्या घड्याळजींना बोलावलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावायचेही कष्ट घेतले नाहीत. किती टोले पडतात ते ऐकलं आणि चारवरचा तासकाटा दोन बोटांनी हलकेच सातवर सरकवला. तो सरकला! मग त्यांनी मिनिटकाटा पुढे नेत नेत, प्रत्येक तासाला थांबून, सगळे टोले शेवटपर्यंत पडू देत घड्याळ वेळेवर आणलं.

"टोल्यांना काट्यामागे ओढायचं नसतं," ते म्हणाले, "काटा टोल्यांवर लावायचा."

मी विचारलं, "म्हणजे तासकाटा नुसता घट्ट बसवलेला असतो?"

"मग काय खिळ्याने ठोकलेला असतो?" त्यांनी तबकडीमागची दातेरी चाकं दाखवली. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्या त्या चाकांतून झिरपत झिरपत तासकाट्याची एक फेरी होते. त्या काट्याला स्वतःचं असं काहीच नाही. जो काय थोडा पुढे सरकतो, तो दुसऱ्याच्या पायपिटीवर. ऑफिसातले दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आले, पण घड्याळजींना ते सांगून उपयोग नव्हता.

त्या रात्री टोले आणि काटे एकमेकांशी बोलायला लागले, बायको माझ्याशी बोलायला लागली, आणि लेक पुन्हा पुस्तक घेऊन आली.

"बाबा, आरशात घड्याळ बघितलं तर पावणेनऊ दिसतात. खरे किती वाजले?"

आता मी शहाणा झालो होतो. स्टूल नाही, झडप नाही. कागद घेतला, बारातून पावणेनऊ वजा केले.

उत्तर आलं सव्वातीन.

मी पेपर उघडला आणि म्हणालो, "आईला विचार."