हरणांची पंगत

हरणाविषयी कोमल भावना आमच्या घराण्यात कोणालाच नव्हती. करमाळ्याकडच्या आमच्या शिवारात काळविटांचा कळप हरभऱ्यात उतरला की आजोबा गोफण घेऊन बांधावर उभे राहायचे. त्या वेळी ते जे काही बोलायचे, ते कण्वाच्या आश्रमातल्या हरणाने ऐकलं असतं तर त्याने शकुंतलेचा पदर जागच्या जागी सोडला असता. पुढे गोफण गेली आणि शेताभोवती आईच्या, काकूच्या जुन्या साड्या आल्या. साड्यांना हरणं सरावली तेव्हा झटका मशीन आलं. त्यापलीकडे काही करायची सोय नाही. काळवीट 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जाऊन बसलंय, आणि शेतकऱ्याला कुठल्याच अनुसूचीत जागा मिळालेली नाही.

अशा कुळातला मी नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनात आलो आणि शेजार मिळाला तो हरणांसाठी पेरणी करणाऱ्या माणसाचा. हरणांनी खाल्लं तर खाल्लं, असा उदार भाव नव्हे. हरणांनीच खावं म्हणून, रोख पैसे मोजून बियाणं आणून.

याला इकडे फूड प्लॉट म्हणतात. शिकारीची हौस असलेला माणूस रानाच्या कडेला अर्धा-एक एकराचा तुकडा साफ करतो, पांढऱ्या शेपटीच्या हरणांना रुचेल ते त्यात लावतो आणि मोसम आला की जवळच्या झाडावर मचाण बांधून पाहुण्यांची वाट बघतो. राखणीचा माळा आमच्याकडेही असतो. आम्ही त्यावर बसून हरीण येऊ नये म्हणून बोंबलतो, हा ते यावं म्हणून खोकलासुद्धा गिळतो.

मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कळल्यापासून शेजाऱ्याने मला सल्लागार नेमून टाकलं. खरे सल्लागार माझे वडील, आप्पाच. मी नुसता फोन धरायला. रविवारी सकाळी मी त्याच्या शेतात फोन उंच करून फिरतो आणि पलीकडे करमाळ्यात दिवेलागणीला आप्पा चष्मा लावून अमेरिकेची माती बघतात.

पहिला वाद मातीवरूनच झाला. परीक्षणात तिचा सामू साडेपाचच्या आसपास निघाला. क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला तो साडेसहाच्या जवळ लागतो, म्हणून शेजाऱ्याने चुना विकत आणला आणि शेतभर पसरला. आमच्या रानात चुनखडीने पिकं पिवळी पडतात, तिच्यावर उपाय करता करता आप्पांचे केस पांढरे झाले. "विकत?" त्यांनी विचारलं. "म्हणावं, गाडीभाडं दे, आमच्याकडची फुकट घेऊन जा."

मग बियाणं. इथल्या दुकानातल्या पिशवीवर पिकाचं चित्र नसतं. भलीथोरली शिंगं मिरवणारा नर असतो, आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत असतो. पिशवी हरणाला विकायची नसल्यामुळे हे बरोबरच आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्यात रायग्रास नावाचं स्वस्त गवत भरलेलं असतं. राय हे धान्य वेगळं. ते हरणं थंडीभर कुरतडतात. रायग्रासकडे त्या मानाने ती फारशी वळत नाहीत, आणि एकदा शिरलं की ते हटता हटत नाही. शेजारी आता पिशवी आधी उलटी करतो. आप्पांनी त्याला लगेच आपला मानला.

खरी मजा मुहूर्ताची आहे. आमच्याकडे मृग बरसला की पाभर निघते, पुढचं पांडुरंग बघतो. इथे पंचांग शेवटाकडून वाचतात. विस्कॉन्सिनात बंदुकीच्या शिकारीचा मुख्य मोसम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. तो शनिवार धरायचा आणि लग्नघरात अक्षतांच्या वेळेवरून भाताचं आधण ठरवतात तसं मागे मोजत यायचं. सोयाबीन आणि चवळी मेच्या अखेरीस, थंडीचा कडाका टळल्यावर. शलगम आणि मुळा जुलै संपताना किंवा ऑगस्ट लागताना, म्हणजे कडक दहिवर पडेपर्यंत त्यांना दोन-तीन महिने मिळतात. ओट ऑगस्टच्या उत्तरार्धात, राय सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ओट लवकर पेरला तर जून होतो आणि हरीण तोंड फिरवतं. उशिरा पेरला तर उगवतो तोवर दहिवर हजर. शलगमाचा तोरा आणखी वेगळा. पाला हिरवागार असतो, पण पुष्कळ ठिकाणी हरणं त्याला थंडी पडेपर्यंत शिवत नाहीत. कडाका पडला की त्यातल्या पिठाची साखर होते म्हणतात, आणि मग रांग लागते. त्यामुळे ऑक्टोबरात सगळी वस्ती उन्हासाठी देव पाण्यात घालून बसलेली असताना शेजारी एकटाच थंडी मागत असतो.

क्लोव्हर मात्र मार्चमध्ये. हे आप्पांनी स्वतः पाहिलं नसतं तर मला खोटारडा ठरवलं असतं. जमीन दगडासारखी गोठलेली, सावलीत अजून बर्फ. शेजाऱ्याने गळ्यात पिशवीवजा यंत्र अडकवलं, दांडा फिरवला आणि मोहरीहून बारीक, पिवळसर बी त्या उघड्या जमिनीवर उधळत चालू लागला. वाकून पाहिलं तर रात्रीच्या गारठ्याने मातीला चाळणीगत भोकं पडली होती आणि प्रत्येक भेगेत दोन-चार दाणे अडकले होते. दुपारी माती सुटते, रात्री पुन्हा आवळते, आणि असं करत करत बी आपसूक पोटात घेते.

"नांगरट?" आप्पा म्हणाले.

"नाही, आप्पा."

"वाफसा?"

"बर्फ आहे, आप्पा."

"आणि उगवतं?"

"दाट उगवतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना सांगू नको." आजोबा जाऊन वर्षं लोटली.

सोयाबीनने मात्र दोन्ही देशांचे संबंध सुधारले. तुकडा छोटा असला की दोन पानांवर असतानाच हरणं तो सपाट करतात. त्यामुळे हरणांसाठी लावलेल्या सोयाबीनला हरणांपासून वाचवायला विजेचं कुंपण घालावं लागतं आणि शिकारीच्या तोंडावर ते काढून टाकावं लागतं. झटका मशीन बघताच आप्पांचा चेहरा उजळला. व्होल्टेज किती, बॅटरी सोलरवर आहे का, तारेला गवत लागून करंट उतरतो का, असं दोघांचं माझ्यामार्फत तासभर चाललं. ऑक्टोबरात कुंपण उघडणार हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कुंपण नसलेल्या क्लोव्हरमध्ये शेजाऱ्याने जाळीचा एक गोल पिंजरा उभा केलाय. पिंजऱ्यातलं क्लोव्हर गुडघ्याला लागतं, बाहेरचं घोट्यालाही नाही. पाहुण्यांनी किती हाणलं त्याचं हे मोजमाप. आमच्याकडे यालाच पंचनामा म्हणतात, फक्त त्याला तलाठी यावा लागतो.

कायद्याचंही बघा. हरणांना मेंदूचा एक जीवघेणा रोग होतो; विस्कॉन्सिनात तो 2002 साली उघडकीला आला. एकाच ढिगावर पुष्कळ तोंडं लागली की तो पसरण्याची भीती, म्हणून राज्याच्या बऱ्याच भागांत हरणांसाठी मक्याचा ढीग टाकायला बंदी आहे. तोच मका ताटावर उभा असेल तर ती शेती. म्हणजे कणीस कायदेशीर, त्याच कणसाचे दाणे काढून जमिनीवर ओतले की गुन्हा.

इतकं सगळं मांडल्यावर पाहुणे गेल्या वर्षी आले का? सप्टेंबरात पांढऱ्या ओकची फळं गळायला लागली. त्यांत कडूपणा कमी असतो आणि हरणांना त्यापुढे दुसरं काही दिसत नाही. त्या वर्षी ओकला बहरही जबर होता. चुना घातलेला, सामू साधलेला, मुहूर्तावर पेरलेला बुफे सोडून अख्खा कळप टेकडीपलीकडे फुकटच्या फळांवर पडीक. संध्याकाळी तोंडपालट म्हणून तो आमच्या परसात यायचा. बायकोने कुंडीत निगुतीने वाढवलेली चवळी एका रात्रीत साफ. तीच चवळी शेजाऱ्याच्या शेतात रांगेने उभी होती, पण कुंडीतली जास्त गोड असावी.

शेजारी खचला नाही. या वसंतात त्याने पांढऱ्या ओकची रोपंच आणली. कोवळे शेंडे हरणं खुडतात, म्हणून प्रत्येक रोपाला माणसाच्या छातीइतकी उंच प्लास्टिकची नळी घातली. मी फोन धरून आप्पांना ती रांग दाखवली.

"ह्याला फळ कधी धरतं?"

"वीसेक वर्षांनी, आप्पा. जास्तच."

"त्याचं वय काय?"

"एकसष्ट."

"आणि नळी कशाला?"

"हरणांनी खाऊ नये म्हणून."

"फळं कोणासाठी?"

"हरणांसाठी."

आप्पांनी फोन आईकडे दिला.