मिकीची दर्शनबारी

थीम पार्क ही लहान मुलांची हौस असते असं ज्यांना वाटतं, त्यांची अजून लग्नं व्हायची असतात. मुलांना काय, सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी त्यांचा अर्धा तास मजेत जातो. हौस असते ती आईबापांची. ही सगळी भानगड सुरू झाली तीच मुळी एका बापाच्या कंटाळ्यातून. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुटीच्या दिवशी घेऊन जायचे. मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि हे गृहस्थ बाकावर बसून शेंगदाणे खायचे. मोठ्यांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये, असं त्यांच्या मनात आलं आणि १७ जुलै १९५५ला अनाहाइम गावी डिस्नेलँड उघडलं. आता माझं म्हणणं एवढंच आहे, की माणूस बाकावर निवांत बसलाय, मुली डोळ्यांसमोर आहेत, हातात शेंगदाणे आहेत आणि ऑफिसातलं कुणी आसपास नाही. याहून जास्त मजा या बापाला आणखी कुठे मिळणार होती?

पण ते होऊन गेलं. आता आपल्या हाती फक्त तिकीट काढणं उरलंय.

आम्ही हाँगकाँगचं काढलं. थोरली सहा वर्षांची आहे. धाकट्याला तीन पूर्ण व्हायला थोडे दिवस होते, आणि या सहलीमागचं खरं अर्थशास्त्र तेच होतं, कारण तीन वर्षांखालच्यांना तिकडे तिकीट लागत नाही. ज्येष्ठांना सवलत आहे हे कळल्यावर आईही निघाली. एरवी कुणी वय विचारलं की ‘आता काय, राहिलंय किती’ असं मोघम सांगणारी आई, तिकीट बघणाऱ्या मुलीपुढे पासपोर्ट नाचवत ‘सिक्स्टी सिक्स!’ असं खणखणीत म्हणाली. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

आमच्याबरोबर सहावं माणूसही होतं, ते म्हणजे आमचे भावोजी. प्रत्यक्ष नव्हे, एक्सेल शीटच्या रूपाने. ते आदल्या वर्षी जाऊन आले होते आणि माझ्या बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे अजून परत आलेले नव्हते. शीटमध्ये दर पंधरा मिनिटांची एक ओळ होती. पिवळा रंग म्हणजे पाळणा, हिरवा म्हणजे खाणं, आणि ‘शू’साठी फिकट निळा. धाकट्याने सबंध दिवसात एकदाही फिकट निळ्या ओळीत शू केली नाही.

पहिली ओळ ‘गेट उघडण्याआधी पाऊण तास हजर’ अशी होती. हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे ही गोष्ट भावोजींनी शीटमध्ये हिशेबात धरली होती, मुलांच्या पोटाने धरली नव्हती. तिथे सकाळचे साडेआठ वाजले तेव्हा पोटात सहाच वाजले होते. हॉटेलच्या न्याहारीकडे दोघांनी बघितलंही नाही. मग मेट्रो. लाय किंगला गाडी बदलायची, सनी बेला पुन्हा बदलायची, आणि तिथून खास डिस्नेलँडची छोटी लाईन. सनी बेला उतरलो मात्र, दोघांच्याही पोटात एकदम नऊ वाजले. आईने दशम्यांचा डबा काढला. तिथल्या मेट्रोत खाण्यापिण्याला बंदी आहे आणि तशा पाट्या जागोजागी आहेत. आईने पाटी पाहिली, धाकट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे मोठ्यांसाठी असेल.” सूनबाईंनी डबा ताब्यात घेतला. प्रवासातला पहिला तह तिथे झाला: उतरल्या उतरल्या, स्टेशनाबाहेर पाय टाकताक्षणी दशमी.

त्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या आहेत, धरायच्या कड्याही तशाच. मात्र धाकट्याला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. गाडीला मोटरमन नाही. तो रोज संध्याकाळी मला डोंबिवली स्टेशनच्या पुलावर नेऊन मोटरमनना हात करत असतो. इथे पुढच्या काचेपाशी जाऊन त्याने आत-बाहेर पाहिलं आणि चिंतेने विचारलं, “काका कुठे गेले?” काका शोधायला म्हणून आम्ही त्याच गाडीने सनी बेला परत गेलो आणि पुन्हा डिस्नेलँडला आलो. शीटच्या पहिल्या तीन ओळी तिथेच संपल्या.

स्टेशनाबाहेर दशमी झाली. आईने आजूबाजूला पाहिलं आणि तिची मान पहिल्यांदा पसंतीने हलली. हे डिस्नेलँड बांधताना फेंगशुईवाल्यांना विचारून मुख्य दरवाजा बारा अंशांनी फिरवलेला आहे. स्टेशनाकडून येणाऱ्या वाटेलाही मुद्दाम वळण दिलंय, नाहीतर शुभ ऊर्जा सरळ वाहत समुद्रात जाते म्हणे. हॉटेलच्या लिफ्टमध्ये चौथा मजला नाही आणि मोठा हॉल बरोबर ८८८ चौरस मीटरचा आहे, कारण आठ आकडा लाभतो. उद्घाटनाची १२ सप्टेंबर २००५ ही तारीखसुद्धा पंचांग बघून काढलेली. “म्हणजे अमेरिकन असले तरी व्यवस्थित आहेत,” आई म्हणाली. आमच्या इमारतीचा दरवाजा दक्षिणेला आहे आणि या विषयावर ती गेली कित्येक वर्षं बिल्डरला गाठायच्या प्रयत्नात आहे.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे बाबागाडी भाड्याने घेणं. हिचा नियम जगभर एकच असावा. पहिली पाच मिनिटं तीत मूल बसतं, नंतर दिवसभर सामान बसतं आणि मूल बापाच्या खांद्यावर. आमच्या गाडीत छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, चार कपडे, आईची शाल (‘एसीत लागेल’), डबा आणि थोरलीने वाटेत उतरवलेली जर्किन आरामात पहुडली होती. प्रत्येक खेळापाशी अशा गाड्या लावून आत जायचं असतं. बाहेर यावं तर तिथल्या माणसांनी त्या सरकवून सरळ ओळीत लावलेल्या, सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या. आईने पिशवीतून खणाचा एक तुकडा काढून आमच्या गाडीच्या दांड्याला बांधला. तो तिच्या पिशवीत का होता हे विचारायचं नसतं. गर्द जांभळा, काठाला पिवळी नक्षी. दुपारपर्यंत एक कोरियन कुटुंब स्वतःची गाडी ‘त्या कापडाच्या डावीकडची तिसरी’ अशा खुणेने शोधायला लागलं होतं.

भावोजींचा फोन. “कुठे आहात? आत्ता तुम्ही डम्बोवर असायला हवं होतं.”

आम्ही बिग ग्रिझली माउंटनच्या तोंडाशी होतो. तिथे एक काठी असते. ११२ सेंटीमीटर उंची असेल तर आत, नाहीतर राम राम. थोरली घरच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेप्रमाणे ११० होती, पण दोन्ही बुचड्या वर बांधून ती तयारीनिशी आली होती. काठीवाल्या मुलीने हसत हसत त्या दोन बुचड्यांच्या मधोमध तळहात ठेवला आणि दाबला. थोरलीने मान ताणली. मुलीने पायांकडे पाहिलं. टाचा खाली आल्या. सगळा व्यवहार एका शब्दाशिवाय झाला आणि मला त्यात दोन्ही पक्षांबद्दल आदर वाटला.

अशा वेळी एक सोय असते. आईबापांपैकी एकाने आत जायचं, दुसऱ्याने मुलं सांभाळायची, आणि मग पुन्हा सबंध रांग न लावता अदलाबदल. भावाभावांच्या वाटणीतही इतका समंजसपणा मी पाहिलेला नाही. मी आधी गेलो. ती खाणीतली गाडी नीट पुढे जाते जाते आणि मध्येच उलटी, पाठीमागे सुटते. पाठीमागे जाताना माणसाला आपण किती कर्ज काढलंय हे आठवतं. बाहेर आलो तर थोरली वाट बघत उभी.

“बाबा, तू ओरडलास.”

“छे. बाकीचे ओरडत होते.”

“बाकीचे ‘आऽऽ’ म्हणत होते. ‘आई गं’ एकच जण म्हणत होता.”

आईला या कशातच रस नव्हता. तिचं लक्ष रांगांवर होतं. रांग म्हटली की तिच्यात एक निराळीच ऊर्जा येते. पंढरपूरच्या दर्शनबारीत तिने रात्री काढलेल्या आहेत. त्यामुळे इथल्या पाऊण तासाच्या पाटीपुढे लोक हबकत होते तेव्हा ही पदर खोचून आधी दोर कसे बांधलेत ते बघायची, कुठे सावली आहे, कुठे पंखा आहे, कुठे टेकायला कठडा आहे. नागमोडी रांगेत तीच माणसं दर चार मिनिटांनी समोरासमोर येतात. पहिल्या वळणाला आईने समोरच्या फिलिपिनो आजींकडे बघून स्मित केलं, दुसऱ्या वळणाला आलेपाकाची वडी दिली, तिसऱ्या वळणाला त्यांनी हिला सुक्या आंब्याची फोड दिली. चौथ्या वळणापर्यंत त्या दोघींना एकमेकींची नातवंडं, गुडघे आणि सुना समजलेल्या होत्या. भाषा कुठली वापरली ते मला अजून कळलेलं नाही.

भाषेवरून सांगायचं तर जंगल रिव्हर क्रूझ. या होडीला तीन रांगा असतात. एक कँटोनीज बोलणाऱ्या वाटाड्याची, एक पुतोंग्हुआवाल्याची, एक इंग्रजीवाल्याची. इंग्रजीची रांग लांब होती. आई तडक कँटोनीजच्या रांगेत जाऊन उभी राहिली, कारण ती सगळ्यांत छोटी होती. “आई, तुम्हाला काही कळणार नाही हो,” सूनबाई म्हणाल्या. “हत्ती दिसेल ना? मग झालं.” हत्ती दिसला, पाणघोडे दिसले, शेवटी खडकांतून आगीचे लोळ आणि पाण्याचे फवारे एकमेकांवर धावून गेले. तो पोरगा वाटाडा जीव तोडून विनोद करत होता आणि होडी हसत होती. हसणाऱ्यांत आई पहिली.

“तुला कळत होतं?”

“तो बोलायचा थांबला की हसायचं. तुझे बाबा विनोद सांगायचे तेव्हा मी दुसरं काय करत होते?”

दुपारी उकाड्याने कहर केला. मे महिन्यातलं हाँगकाँग दमटपणात मुंबईला हार जाणारं नाही. थोरलीची चप्पल चावायला लागली, धाकटा खांद्यावर झोपून जड झाला आणि मी बाक शोधू लागलो. अशा वेळी मला अनाहाइमच्या पहिल्या दिवसाची आठवण आधार देते. त्या दिवशी इतकं ऊन होतं की नवं डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या, नळकामगारांच्या संपामुळे पाणपोया कोरड्या होत्या, आणि खोटी तिकिटं घेऊन हजारो जास्तीचे लोक आत घुसले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून आईबापांचे हाल हा या प्रकाराचा पाया आहे. आपण परंपरेत आहोत.

बाक सापडला तो ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये, आणि तो तरंगता होता. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात युनिसेफच्या मंडपासाठी केलेला हा खेळ. होडीत बसायचं, होडी आपली आपण सरकते, दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या बाहुल्या आपापल्या कपड्यांत एकच गाणं गातात. आत एसी आहे. उंचीची काठी नाही. थोरलीला बाहुल्या मोजायच्या होत्या, धाकटा जागा होऊन टाळ्या पिटत होता, आईने शाल पांघरली (‘सांगितलं नव्हतं?’) आणि मी पाय लांब केले. मुलं डोळ्यांसमोर, बूड टेकलेलं. शेंगदाणे तेवढे नव्हते. होडी धक्क्याला लागली की थोरली ‘पुन्हा’ म्हणायची आणि मी तिला शिस्तीचे चार शब्द न सुनावता पुन्हा रांगेकडे वळायचो. त्या गाण्याचं म्हणाल तर ते डोक्यातून जात नाही. मुंबईला आल्यावर मी ते बँकेच्या रांगेत गुणगुणलो आणि पुढच्या माणसाने वळून दुसरी ओळ गुणगुणली. त्याच्या कडेवरही एक मूल होतं.

भावोजींचा फोन. “पिवळ्या किती झाल्या?” बायकोने रेंज नसल्याचा आवाज तोंडाने काढला.

राहता राहिला मिकी. धाकट्याने घरून निघताना एकच अट घातली होती, मिकीला भेटायचं. रात्री झोपेत मिकी, जेवताना मिकी. त्याच्यासाठी लावलेली रांग शेवटच्या वळणावर आली, दार उघडलं, आणि समोर साक्षात लाल चड्डी, पिवळे बूट, पांढरे हातमोजे. धाकट्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या ओळखीचा मिकी फोनवरचा, वीतभर. हा बाबाएवढा होता. मग त्याने जी किंकाळी फोडली ती ग्रिझलीतल्या कुणालाही जमली नसती. तो माझ्या गळ्यापर्यंत चढला. “हा नको! छोटा! छोटा हवा!” थोरली भावाची समजूत घालायच्या नावाखाली हळूच आईच्या मागे सरकली. बायको फोटो काढायला फोन उघडून उभी, मागे अख्खी रांग ताटकळलेली.

आई म्हणाली, “पाऊण तास उभं राहून दर्शन न घेता जायचं? भलतंच.” तिने पदर सारखा केला, पुढे झाली आणि दोन्ही हात जोडले. मिकीनेही हात जोडले. मग त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, गुडघ्यात किंचित वाकला, आणि तिने जे काय सांगायला सुरुवात केली ते मान हलवत ऐकत राहिला. नातवाचं लहान वय, आमचं डोंबिवलीचं घर, दरवाजाची दिशा, सगळं. फोटोत ती दोघंच आहेत. आमच्या हॉलमध्ये आता तो लावलेला आहे आणि येणारे जाणारे ‘मुलं कुठायत?’ असं विचारतात.

परतीच्या गाडीत धाकटा पुढच्या काचेला नाक लावून काकांना शोधत होता. भावोजींचा फोन आला. या खेपेस आईने उचलला. फटाके पाहिले का, कुठे उभे राहून पाहिले, तिथून नीट दिसत नाही, मी लिहिलं होतं की पुलाच्या डाव्या बाजूला, असं बराच वेळ चाललं. आई ‘हो जावईबापू, हो’ म्हणत राहिली. मग फोन माझ्या हातात देत, तो बंद झालाय की नाही हे न बघता, सुनेकडे वळून म्हणाली, “तो मिकी बघितलास? हात धरून उभा होता, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. जावई असावा तर असा.”